आवाज समक्ष ऐकला

सरकारदरबारी आपण मुके आहोत हे सिद्ध करायला माणसाला फार बोलावं लागतं, आणि नेमकं तेवढंच मला जमत नाही.

घशाच्या कॅन्सरपायी डॉक्टरांनी माझं स्वरयंत्र काढून टाकलं, त्याला वर्ष होऊन गेलं. फुप्फुसात एक बारीकसा डाग अजून आहे. तो गोळ्यांच्या धाकाने कोपऱ्यात बसून असतो आणि तपासणीच्या दिवशी आम्ही एकमेकांची विचारपूस करून घरी येतो. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की काढून न्यायला देवाला आख्ख्या म्हसावदमध्ये माझाच गळा सापडला. माझा धंदा लाऊडस्पीकरचा. लग्नात 'वऱ्हाडी मंडळींनी मांडवात यावे' म्हणणारा, यात्रेच्या दंगलीत पैलवानांची नावं पुकारणारा आणि हरवलेली पोरं त्यांच्या मायबापांच्या हवाली करणारा आवाज माझा होता. माझा भागीदार सलाउद्दीन वायरी सांभाळायचा, मी तोंड सांभाळायचो. आता वायरी तेवढ्या राहिल्या आहेत.

तर हॉस्पिटलातल्या बाईंनी सांगितलं, की एक यंत्र मिळतं. हातात मावणारं, बॅटरीसारखं. ते मानेला लावायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की शब्द ऐकू येतात. बाजारातली किंमत ऐकून मी रुमालाने कपाळ पुसलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "सरकार देतं ना! दिव्यांग प्रमाणपत्र काढा, जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज करा, यंत्र घेऊन जा." तीन सोपी वाक्यं. मी स्वतः लग्नात 'फक्त दोन शब्द बोलतो' असं सांगून माइक धरत आलेला माणूस. तीन वाक्यांत केवढं मावतं हे मला तरी कळायला हवं होतं.

मला ते यंत्र धंद्यासाठी नको होतं. धंदा सलाउद्दीन आणि त्याचा पेनड्राइव्ह बरा चालवत होते. मला घरात माझी बाजू मांडायची होती. चारुलता, म्हणजे माझी बायको, आणि मी आयुष्यभर बरोबरीने भांडलो. आता ती बोलते आणि मी पाटीवर लिहितो. मी एका आरोपाचं उत्तर लिहून पूर्ण करेपर्यंत ती आणखी दोन आरोप करून स्वयंपाकघरात पोचलेली असते. परत येते, पाटी वाचते, "व्हई गयं तुमनं?" म्हणते आणि पदराने पाटी पुसून टाकते. वर्षभराची माझी उत्तरं अशी पुसली गेली. गमतीचं सोडा, खरं सांगतो, मला तिच्याशी बोलायचं होतं. बाकी जगाशी न बोलून माझं काही अडलं नव्हतं.

प्रमाणपत्राची बातमी फुटल्यावर पहिला सल्ला शेजारच्या सुकलाल आप्पांचा आला. आप्पांना प्रत्येक कचेरीतून कधी ना कधी बाहेर काढलेलं असल्यामुळे त्यांना सगळ्या कचेऱ्यांचे दरवाजे माहीत आहेत. ते म्हणाले, "अमृत, दाढी वाढाव. फाटेल सदरा घाल. सायेबले दया उनी पाहिजे." मी पाटीवर लिहिलं, 'मला दया नको, यंत्र हवं.' आप्पांनी चष्मा नसल्यामुळे ते वाचलं नाही. चारुलताने मात्र ऐकलं होतं. "मन्हा नवरा फाटेल सदरा घालीसन नंदुरबारले जाणार नही," असं जाहीर करून तिने माझे लग्नसराईतले कडक कपडे इस्त्री केले. त्यामुळे नंदुरबारला मी मेडिकल बोर्डापुढे उभा राहिलो तो थेट नवरदेवाच्या काकासारखा.

खिडकीतल्या माणसाने विचारलं, "नाव?" मी पाटी दाखवली. तो म्हणाला, "तोंडाने सांगा." मी तोंडाकडे बोट दाखवून हात हलवला. त्यावर तो एकदम ओरडून बोलायला लागला. बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, असा पुष्कळ लोकांचा पक्का समज आहे. काही जण तर मला सावकाश, ओठ ताणून, लहान मुलाला सांगावं तसं सांगतात. मी लिहिलं, 'कान चांगले आहेत.' त्याने ते माझ्याचसाठी मोठ्याने वाचून दाखवलं आणि मला कानाच्या रांगेत पाठवलं.

कानाच्या खोलीत मला हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. माझी हयात भोंग्यांखाली गेलेली, त्यामुळे कान अधू निघतील असं मलाही वाटत होतं. पण मी एकही आवाज सोडला नाही. तपासणारी मुलगी खूश झाली आणि म्हणाली, "काका, अभिनंदन! तुम्हाला काहीच अपंगत्व नाही." बाहेर बसलेल्या चारुलताने ते ऐकून हात जोडले. मग आम्हाला कळलं की आनंद करण्यासारखं काही घडलेलं नाही.

शेवटी घशाच्या डॉक्टरांनी बोलावलं. त्यांनी विचारलं, "काय त्रास आहे?" मी पाटीवर लिहिलं, 'स्वरयंत्र काढले आहे.' चारुलताने ते वाचून दाखवताना मला पहिल्यांदा खोकला कधी झाला, तिच्या भावाने दिलेला काढा मी कसा ओतून टाकला आणि आमच्या घरात तिचं कोण ऐकतं, हे सगळं सांगितलं. मी घाईघाईने लिहिलं, 'तू गप्प बैस.' तिने पाटीकडे पाहिलं आणि डॉक्टरांना सांगितलं, "या म्हणतस, डॉक्टरसाहेब देवमाणूस शे." डॉक्टर हसले. मग मी मानेचा रुमाल सोडला आणि त्यांनी गळ्याचं भोक पाहिलं. "अहो, स्वरयंत्रच काढलंय की! मग आधीच का नाही बोललात?" असं त्यांनी मला विचारलं आणि विचारल्यावर स्वतःच जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढे प्रमाणपत्र यायचं तर फोनवर पडताळणी होती. फोन यायचा, "अर्जदाराशीच बोलायचंय." धर्मेंद्र, माझा मुलगा, फोन माझ्या हातात द्यायचा. मी तो कानाला लावायचो आणि आम्ही दोघे एकमेकांचा श्वास ऐकायचो. मग फोन कट व्हायचा. असं दोन-चारदा झाल्यावर शेरा पडला, 'अर्जदार प्रतिसाद देत नाही.' फोनवर बोलता येत नाही हे सांगायला आम्ही पुन्हा नंदुरबारला जाऊन आलो. पण प्रमाणपत्र मिळालं. ते मी चक्क लॅमिनेट करून घेतलं. यंत्राचा अर्ज भरला. तिथल्या बाई म्हणाल्या, "आता फक्त गृहचौकशी. आमचा माणूस गावात येईल, चार लोकांना विचारेल, झालं."

या चार लोकांनीच पुढचं सगळं केलं. पण त्याआधी धर्मेंद्रबद्दल सांगायला हवं. धर्मेंद्र शहाद्याला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरी करतो. पोरगा सरळ आहे, कामाचा आहे, आणि लग्नाचा आहे. लग्नाचा होऊन आता बरीच वर्षं झाली. हल्ली मुलीच्या बापाला पुण्यातला जावई हवा असतो, त्याला ट्रॅक्टरचं काय कौतुक! आमच्याकडे मुलीचा बाप एकदम मुलाच्या दारात येत नाही. तो स्टँडवर उतरतो, टपरीवर चहा घेतो आणि हवापाण्याचं विचारावं तसं विचारतो, अमुक तमुक कसा माणूस आहे, घर कसं, शेती किती. तो कोण आहे हे टपरीवर सगळ्यांना कळतं, कळल्याचं कोणी दाखवत नाही, आणि मग गावाने एकदिलाने त्या घराची बाजू राखायची असते. यात खोटं बोलणं येत नाही. जे आहे ते जरा वाढून ताटात घालायचं, एवढंच. म्हसावदमध्ये असा चहा पिणारा माणूस फार दिवसांत आला नव्हता. आणि त्या दिवशी वीरसिंग आला.

वीरसिंग हा कचेरीचा चौकशीचा माणूस. तरुण, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, बोलणं शुद्ध आणि मऊ. मी आणि चारुलता तपासणीला गेलो होतो. त्यामुळे पुढचं मी सलाउद्दीनच्या तोंडून ऐकलं आहे, आणि सलाउद्दीन प्रसंग सांगताना त्यात स्वतःला जरा पुढे उभा करतो, हे धरून चाला.

वीरसिंगने टपरीवर चहा घेतला आणि विचारलं, "अमृत पाटलांविषयी थोडी माहिती हवी होती. घरची परिस्थिती कशी आहे?"

आप्पांचा कप ओठापाशीच थांबला. "कोना करता?" त्यांनी विचारलं.

"ते गोपनीय आहे," वीरसिंग म्हणाला.

मग शंकाच उरली नाही. आप्पांनी त्याच्यासाठी दुसरा चहा आणि भजी मागवली. शेती किती, तर बावीस एकर बागायती. माझी शेती सहा एकर आहे. आप्पांनी त्यात स्वतःची घातली, त्यांच्या भावाची घातली, तरी हिशेब पुरा होत नाही. बाकीची कोणाची हे अजून गावात निघालेलं नाही. घर कसं, तर समोरचा दुमजली बंगला दाखवला, जो सोसायटीच्या चेअरमनचा आहे. व्यसन? "सुपारीनं खांडबी नही." मग वीरसिंग जरा चाचरत म्हणाला, "त्यांना काही आजार आहे, बोलता येत नाही, असं कळलं होतं..."

टपरीवरच्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. कोणीतरी जळकुट्या माणसाने पोराचं स्थळ मोडायला कानभरणी केलेली दिसत होती. आप्पा ताडकन उठले. "कोनी सांगं तुमले? अमृतले काय धाड भरनी? मागला हप्तालेच मन्हा मांडीले मांडी लाईसन पुरनना मांडा खादात त्यानी! आनि आवाज? आवाज ते इतला शे, का तो आठे बोलना ते शहादाले आयकाले जास!"

"म्हणजे बोलतात ते?"

सलाउद्दीन म्हणतो, की इथे त्याला राहवलं नाही. "साहब, बोलतस म्हणजे? थांबा!" म्हणून तो पळत दुकानात गेला, पेनड्राइव्ह लावला आणि भोंगा टपरीच्या दिशेने फिरवला. ऑपरेशनच्या आधीच्या यात्रेतला माझा आवाज गावभर घुमला. 'मंडळी, शांतता राखा! महिला भगिनींनी उजव्या बाजूला बसावे!' आणि नशीब असं, की त्या रेकॉर्डिंगमध्ये मी मध्येच ओरडलो होतो, 'अरे सलाउद्दीन, ती वायर धर आधी!' त्यामुळे भोंग्यामागे मी स्वतः उभा आहे याबद्दल वीरसिंगच्या मनात काही शंका राहिली नाही. त्याने मान डोलावली, लिहून घेतलं, भज्यांचे पैसे देऊ केले. ते अर्थातच कोणी घेतले नाहीत.

आम्ही संध्याकाळी एसटीतून उतरलो तर लोक मला हात धरून घरी घेऊन गेले. "पावना ई गया!" आप्पांनी सांगितलं. चारुलताने खाली पिशवीसुद्धा ठेवली नाही आणि देवापुढे साखर ठेवली. पुढचे दिवस घरात मोठी धामधूम होती. भिंतींना रंग लागला, पडदे आले, आणि तिने माझ्याशी भांडण थांबवलं. होणाऱ्या व्याह्यांसमोर नवराबायको कसे दिसले पाहिजेत याची ती तालीम करत होती. धर्मेंद्र आरशासमोर जास्त वेळ घालवायला लागला. त्याचं ते बघून मला फार बरं वाटायचं. दिवसभर गाणं गुणगुणावंसं वाटायचं, पण ती सोय राहिली नव्हती.

आणि मग कचेरीचं पत्र आलं. धर्मेंद्रने मोठ्याने वाचलं. 'गृहचौकशीत आढळून आले की अर्जदार सधन असून बावीस एकर बागायती जमीन व दुमजली घर बाळगून आहे. अर्जदार निर्व्यसनी, मनमिळाऊ व गावात आदरणीय आहे. प्रकृती ठणठणीत असून आहार उत्तम आहे. अर्जदाराचा आवाज चौकशीवेळी समक्ष ऐकला. आवाज खणखणीत आहे. सबब अर्ज नामंजूर.'

इतकं चांगलं माझ्याविषयी आजवर कोणी लिहिलं नव्हतं. क्षणभर मला ते पत्रही लॅमिनेट करावंसं वाटलं. पण चारुलताच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू गेलं. ती म्हणाली, "मंग... ती पोर?" पोर नव्हतीच. यंत्रही नव्हतं. धर्मेंद्र पत्राची घडी घालत राहिला आणि मग म्हणाला, "पप्पा, मी कर्ज काढतो, पण यंत्र आणतो." मी पाटी शोधायला लागलो तर ती सापडेना.

चारुलता तडक आप्पांच्या ओट्यावर गेली. तिथे ती काय बोलली हे सांगण्यासाठी मला दुसरी पाटी लागेल. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ती निघून जाईपर्यंत परत घातली नाही. दुसऱ्या दिवशी सलाउद्दीनच्या मंडपाच्या टेम्पोत बसून, मलाही बरोबर घेऊन, सगळी टपरी नंदुरबारला निघाली.

कचेरीतल्या साहेब निर्मलाबाई. त्यांनी सगळ्यांना उभं केलं, फाइल वाचली आणि चष्म्यावरून आप्पांकडे पाहिलं. "तेव्हा म्हणालात माणूस बोलतो. आता म्हणता बोलत नाही. म्हणजे तेव्हा खोटं बोललात?"

"नही बाई," आप्पा म्हणाले. "तवय लगीननं बोलनूत. लगीनमा बोलेल खोटं म्हनत नहीत."

"आणि आता जे बोलताय ते कशावरून खरं?"

मागे उभ्या असलेल्या वीरसिंगची मान खाली गेली होती; त्या पोराची मला दया आली. निर्मलाबाईंनी ओठ घट्ट मिटले होते, पण त्यांचे खांदे हलत होते. फेरचौकशी होईल, असं त्यांनी सांगितलं. केव्हा ते सांगणार नाहीत. आणि म्हसावदच्या एकाही माणसाची सही चालणार नाही. साक्षीला बाहेरगावचा पंच हवा, अर्जदाराचा नातेवाईक नसलेला. "या गावाच्या शब्दावर माझा विश्वास नाही," त्या म्हणाल्या.

गावाला ते फार लागलं. आप्पांच्या ओट्यावर बैठक बसली आणि ठरलं, की इथून पुढे कोणीही अनोळखी माणूस अमृतविषयी विचारायला आला तर खरं तेच सांगायचं. "आनि वरथीन थोडं जास्तनं," आप्पांनी दुरुस्ती सुचवली. मागची भर भरून काढायची तर वजन दुसऱ्या पारड्यात टाकायला नको का? ते सगळ्यांना पटलं. चारुलताने नवे पडदे काढून ट्रंकेत ठेवले.

थोड्याच दिवसांत स्टँडवर एक वयस्कर गृहस्थ उतरले. पांढरी टोपी, धोतर, हातात कापडी पिशवी. टपरीवर चहा घेतला आणि हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "अमृत पाटील कसा मानूस शे?"

कचेरीने या वेळी वेश बदलून माणूस पाठवला, हे आप्पांनी लगेच ओळखलं. त्यांनी डोळ्याला उपरणं लावलं. "काय सांगू, भाऊ! बिचारा. नरडं कापी टाकं डॉक्टरनी. एक शबुद निघत नही. शेती शे सहा एकर, पन बोअर आटेल शे. घर गळस."

"आनि पोऱ्या?"

"पोऱ्याना हाल ते इचारूच नका!" आप्पा आता रंगात आले होते. "ना मित्र, ना पिक्चर, ना पान ना बिडी. पगार हुयना का बापन्या गोळ्या. त्याना आंगवर नवा सदरा मी देखा नही. तपासनीले बापले स्वता लई जास. काय जिनगानी शे ती!"

"आनि माय?"

"ती बाई नवरा जेवना बिगर जेवत नही, भाऊ. वाळी गयी पार." चारुलता वाळलेली नाही, पण असो. इतकं सांगून आप्पांनी त्या गृहस्थांना माझ्या दारापर्यंत आणून सोडलं आणि त्यांच्या पाठीमागून मला डोळा मारला.

मी तयारच होतो. रुमाल सोडून गळ्याचं भोक दाखवलं. पाटी भरभरून लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. फुप्फुसातला डाग लिहिला, गोळ्या लिहिल्या. चारुलताने काळजावर दगड ठेवून पाहुण्यापुढे बिनदुधाचा चहा ठेवला. आमच्या घरात हे पहिल्यांदा घडत होतं. पाहुण्यांनी शांतपणे चहा घेतला, घराकडे नजर फिरवली आणि विचारलं, "पोऱ्या कोठे शे?"

"शोरूमवर," चारुलता म्हणाली. "तेन्हं काय काम शे तुमले?"

"त्यालेच ते देखाले उनू," ते म्हणाले. "मी भिला पाटील, खांडबाराना. मन्ही पोर शे."

चारुलताने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या काळ्या चहाकडे, आणि मटकन खाली बसली. दारात उभे असलेले आप्पा भिंतीला टेकले. आणि त्याच क्षणी बाहेर मोटरसायकल थांबली. वीरसिंग आत आला, सगळ्यांना नमस्कार केला, बॅगेतून फाइल काढली आणि पेनाचं टोपण उघडून आप्पांकडे वळला. "सांगा आप्पा. आता खरं सांगा. अमृतभाऊंची तब्येत कशी आहे? बोलतात की नाही?"

आप्पांनी तोंड उघडलं. एका बाजूला फाइल, दुसऱ्या बाजूला भिलाभाऊ. ठणठणीत म्हणावं तर यंत्र जातं, आजारी म्हणावं तर सून जाते. त्यांनी तोंड मिटलं. परत उघडलं. मागे खिडकीत जमलेली टपरीची मंडळी आढ्याकडे बघायला लागली. गावात कोणालाच काही बोलता येईना. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पाटी घेतली. खरं सांगतो, माझा हात थांबला. पोराचा चेहरा डोळ्यासमोर आला, आरशापुढचा. म्हटलं, मरू दे ते यंत्र. वर्षभर नाही बोललो तर काय मेलो? एखादा साधा घसा बसलाय असं लिहावं आणि मोकळं व्हावं. चारुलता माझ्याकडे बघत होती. माझ्या मनात काय चाललंय हे कळायला तिला माझ्या आवाजाची गरज कधीच लागली नाही. ती म्हणाली, "खरं शे तेच लिखा."

मी लिहिलं, 'कॅन्सर आहे. आवाज नाही, परत येणार नाही. सहा एकर आहे. बोअरला पाणी कमी आहे. मुलगा चांगला आहे.' आणि पाटी दोघांच्या मध्ये धरली.

भिलाभाऊंनी चष्मा लावून सावकाश वाचलं. "अक्षर चांगलं शे," ते म्हणाले. मग आप्पांकडे वळले. "कितला गावं फिरनू मी. कोठेच बाप आजारी नही, कोठेच बोअर आटेल नही. माले वाटाले लागनं, आख्खा खान्देशमा मन्हाच एक बोअर आटेल शे." त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि मांडी घालून नीट बसले. "पोऱ्याले बलावा. आनि दूध व्हई ते चहा करा."

चारुलता उठली ती अशी उठली, की तिचं गुडघ्याचं दुखणं मी तरी त्यानंतर खरं धरत नाही. वीरसिंग मात्र तसाच उभा होता. "सगळं ठीक आहे," तो म्हणाला, "पण बाहेरगावचा पंच पाहिजे."

"मी खांडबाराना शे," भिलाभाऊ म्हणाले. "चाली का?"

वीरसिंगने नियम वाचला. "अर्जदाराशी तुमचं नातं?"

भिलाभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आत पातेली वाजत होती तिकडे पाहिलं. "आते ते नही," ते म्हणाले. "सही लवकर ली ल्या."

त्यांनी सही केली आणि पेन परत देण्याआधीच आप्पांनी त्यांच्या तोंडात साखर कोंबली.

यंत्र साखरपुड्याच्या आधी आलं. वीरसिंगने स्वतः आणून दिलं, कचेरीत यायला लावलं नाही. अंगणात गल्ली जमली. सलाउद्दीनने, कोणी सांगितलं नसताना, माइक आणून उभा केला. "अमृतभाई, दोन शब्द!" मी वर्षभर उत्तरं साठवून ठेवली होती. काढ्याबद्दल, मेव्हण्याबद्दल, भाजीतल्या मिठाबद्दल. कोणत्या क्रमाने द्यायची तेही ठरलेलं होतं. यंत्र मानेला लावलं, बटण दाबलं, पण जागा चुकली आणि नुसतं घरघरलं. पोरं हसली. मी जागा बदलली, परत दाबलं आणि ओठ हलवले.

"चारुलता."

तो आवाज माझा नव्हता. त्यात ना चढ ना उतार, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पण शब्द माझा होता. इथे लिहिताना मी बिनधास्त चारुलता, चारुलता म्हणत आलो आहे, पण आमच्या पिढीत चार लोकांसमोर बायकोचं नाव कोणी घेत नाही. लग्नानंतर मी तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. भोंग्यावर तर नक्कीच नाही. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून खिदळल्या, आप्पा टोपी सारखी करत दुसरीकडे बघायला लागले. साठवलेलं एकही उत्तर मला आठवेना. मी परत बटण दाबलं आणि परत तेच म्हटलं.

ती दारात उभी होती. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, त्यामुळे हसतेय की रडतेय कळत नव्हतं.

"आयकाले ई ऱ्हायनं," ती पदराआडून म्हणाली. "बोला आते."